नवी स्पोर्ट्स कार: गचके, दणके आणि आवाज – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पोर्ट्स कार घेतल्यावर पहिल्या महिन्यात जे फोन येतात, त्यांत वेगाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पाठ, कंबर, टायरचा आवाज आणि ‘मागून काहीतरी टकटक होतंय’ हेच विषय. माझ्या ओळखीत पोर्शे ९११ आणि ७१८ जास्त आहेत, म्हणून आकडे त्यांचे दिले आहेत. बाकीच्या गाड्यांनाही यातलं बरंच लागू पडतं.

गाडी घरी आणली आणि पहिल्याच दिवशी पाठ धरली. इतकी कडक असते का ही गाडी?

कडक असतेच, पण पाठ धरण्याइतकी असू नये. म्हणून आधी दोन गोष्टी तपासून घ्या.

पहिली म्हणजे टायरमधली हवा. या गाड्या बाहेरून जहाजाने येतात आणि प्रवासात महिनोन्महिने उभ्या राहून टायरला चपटेपणा येऊ नये म्हणून हवा मुद्दाम जास्त भरलेली असते. डिलिव्हरीच्या आधी ती कमी करायची असते. गाडी देण्याच्या गडबडीत, पेढे आणि हाराच्या नादात, हे राहून जाऊ शकतं. दुसरी म्हणजे स्प्रिंगमध्ये घातलेले ट्रान्सपोर्ट ब्लॉक. गाडी जहाजावर बांधताना ती हलू नये म्हणून काही कंपन्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये हे ठोकळे अडकवतात. ते काढायचे राहिले, तर स्प्रिंग दबतच नाही आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जातो. गाडी उंच दिसत असेल आणि बोनेट दाबल्यावर अजिबात खाली जात नसेल, तर डीलरला हाच प्रश्न सरळ विचारा.

हे दोन्ही ठीक असेल, तर राहिलेला कडकपणा गाडीच्या घडणीतला. ९११चा व्हीलबेस २,४५० मिलिमीटर आहे, फॉर्च्युनरचा २,७४५. पुढच्या आणि मागच्या चाकात अंतर कमी असलं की एकाच उंचवट्यावर गाडी पुढे-मागे जास्त झुलते. त्यात ९११चं इंजिन मागच्या एक्सलच्याही मागे, त्यामुळे नाक हलकं आणि लाटांसारख्या डांबरी रस्त्यावर ते डुलत राहतं. याची सवय होते. पाठीला झटका बसण्याची सवय करून घ्यायची गरज नाही.

हवा किती ठेवायची? पंपावरचा मुलगा तर सगळीकडे ३५ मारतो.

चारही चाकांत सारखी हवा ही हॅचबॅकची सवय. ९११मध्ये मागे वजन जास्त, टायर रुंद, म्हणून मागची हवा पुढच्यापेक्षा जास्त लागते. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. अनेकदा तिथे दोन रकाने असतात: एक पूर्ण वजनासाठी किंवा सर्वोच्च वेगासाठी, दुसरा एक-दोन माणसांसाठी. आपण २५०च्या वेगाने जात नाही, त्यामुळे शहरात दोघांसाठी कमी असलेला आकडा धरा. गाडीच्या स्क्रीनवर टायर प्रेशरच्या मेन्यूतही तसंच सेट करा, नाहीतर ती उगाच इशारे देत बसेल.

मोजायची हवा थंड टायरची. सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी. तापमान दहा अंशांनी वाढलं की प्रेशर साधारण दीड पीएसआय वाढतं, आणि चालून तापलेल्या टायरमध्ये ते याहून बरंच वर जातं. पंपावर गरम टायर मोजून ‘जास्त झालीय’ म्हणून हवा सोडली, की सकाळी ती कमी भरते. स्वतःचा डिजिटल गेज घ्या. गाडीच्या किमतीपुढे तो फुकटच आहे.

राइड मऊ व्हावी म्हणून स्टिकरच्या आकड्याखाली मात्र जाऊ नका. विदर्भातल्या मे महिन्यात समृद्धी महामार्गावर १२०ने जाताना कमी हवेचा टायर कडेने वाकत राहतो, आतून तापतो आणि फुटतो. आणि नायट्रोजन भरल्याने गाडी मऊ होत नाही. प्रेशर हळू उतरतं, एवढाच फायदा.

नॉर्मल, स्पोर्ट, स्पोर्ट प्लस. रोज कुठला मोड ठेवू?

नॉर्मल. स्पोर्टमध्ये आवाज छान येतो म्हणून लोक तोच लावून ठेवतात आणि मग शॉकअप कडक झाल्याची तक्रार करतात. पासम, म्हणजे शॉकअपचा कडकपणा बदलणारी यंत्रणा असलेल्या पोर्शेमध्ये सस्पेन्शनचं बटण वेगळं मिळतं. इंजिन स्पोर्टमध्ये आणि शॉकअप नॉर्मलमध्ये असं जमवता येतं. एक्झॉस्टचंही बटण वेगळं असतं. एका बटणाने सगळं बदलायलाच हवं असं नाही.

कडक सेटिंग खराब रस्त्यासाठी नसतंच. गुळगुळीत ट्रॅकवर वजन पटकन सरकू नये म्हणून ते असतं. खडबडीत रस्त्यावर कडक शॉकअपमुळे चाक उड्या मारतं, म्हणजे पकडही जाते. फेरारीने तर यासाठी ‘बम्पी रोड’ नावाचं बटणच दिलं आहे: इंजिन, गिअर रेसच्या तयारीत आणि शॉकअप मात्र मऊ. त्यांना जे ट्रॅकच्या बाहेर पटलं, ते आपल्याला वाकड ते हिंजवडी पटायला हरकत नाही.

अजून बुकिंगच केलंय. मोठी चाकं घेऊ की छोटी?

छोटी. यावर मी वाद घालायला तयार आहे.

टायरवर २४५/३५ असं लिहिलेलं असतं त्यातला दुसरा आकडा टक्क्यांत असतो: २४५ मिलिमीटर रुंदीच्या ३५ टक्के, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये फक्त ८६ मिलिमीटर रबर आणि हवा. सध्याच्या पिढीच्या, म्हणजे ९९२ कॅरेरा एसला पुढे २० इंची चाकावर हाच टायर, मागे २१ इंचीवर ३०५/३०, म्हणजे ९२ मिलिमीटर. याच पिढीच्या साध्या कॅरेराला १९-२० इंची चाकं: पुढे ९४, मागे १०३. साध्या ७१८ला १८ इंची चाकं, पुढे २३५/४५ आणि मागे २६५/४५. तिथे हीच जाडी १०६ आणि ११९ भरते. त्याच ७१८ला २० इंची चाकं लावली की पुढे उरतात ८२.

हे दहा-वीस मिलिमीटर किरकोळ वाटतात. पण धारदार कडेच्या खड्ड्यात रिम वाचते की वाकते, ते इथेच ठरतं. आपल्याकडे पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरलेला असतो आणि खोली कळत नाही. टायरला कडेने फुगा आला तर तो टायर गेला, दुरुस्ती नाही. ९११मध्ये स्टेपनीही नाही, पंक्चरचं द्रव्य आणि छोटा काँप्रेसर एवढंच सोबत असतं.

गाडी आधीच मोठ्या चाकांवर आली असेल, तर कंपनीने त्याच मॉडेलला मंजूर केलेला छोटा सेट मिळतो का बघा. ब्रेकचा कॅलिपर आत बसला पाहिजे आणि टायरचा बाहेरचा घेर तोच राहिला पाहिजे. हा खर्च मी म्हणेन सगळ्यात वसूल होणारा.

एक्सप्रेसवेवर टायरचा आवाज इतका, की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. गाडीत दोष आहे का?

मुंबई-पुणे एक्सप्रेसवे काँक्रीटचा आहे. पाण्यात टायर घसरू नये म्हणून काँक्रीटच्या पृष्ठभागावर आडव्या बारीक खाचा पाडतात. त्या खाचांवरून रुंद टायर गेला की एका सुरात शिट्टीवजा घरघर येते, आणि दोन स्लॅबच्या सांध्यावर धडक-धडक. डांबरी रस्ता लागला की हा आवाज एकदम पडतो. तुमच्याही गाडीत असाच पडत असेल, तर दोष रस्त्याचा.

यात टायरचा स्वतःचाही एक सूर असतो. टायरमधली हवा बंद नळीसारखी घुमते, साधारण २०० हर्ट्झच्या आसपास. खड्ड्यावर ‘टंग’ असा धातूसारखा आवाज येतो तो हाच. आणि स्पोर्ट्स कारमध्ये तो अडवायला फारसं काही नसतं. सेडानमध्ये चाकाच्या कमानीत जाड फेल्ट, डिक्कीत गालिचा, मधे मागची सीट. इथे वजन वाचवायचं म्हणून अस्तर बेताचं. चाकाच्या कमानीवर खडे आणि पाणी आपटल्याचा आवाज तर इतका स्पष्ट असतो, की पोर्शेने ९९२मध्ये तो ऐकायला पुढच्या चाकांच्या कमानीत सेन्सरच बसवले. रस्ता ओला आहे हे गाडी त्या फवाऱ्याच्या आवाजावरून ओळखते आणि वेट मोड लावायला सुचवते.

मग टायर बदलले तर आवाज कमी होईल का?

होतो, पण झिजायच्या आधी चांगले टायर काढून फेकू नका. बदलायची वेळ येईल तेव्हा तीन गोष्टी बघा.

युरोपच्या टायर लेबलवर बाहेरच्या आवाजाचा आकडा डेसिबलमध्ये छापलेला असतो. तो टायरच्या बाहेर, रस्त्याकडेला मोजलेला आवाज, केबिनमधला नव्हे. पण दोन टायरांची तुलना करायला उपयोगी. डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते. तीन डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी, आणि दहा कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो.

दुसरं, आतून फोम लावलेले टायर. कॉन्टिनेंटलचे कॉन्टिसायलेंट, मिशेलिनचे अकूस्टिक, पिरेलीचे पीएनसीएस. वर सांगितलेली पोकळीतली घुम यांनी दबते. खाचांची शिट्टी मात्र फारशी जात नाही. पंक्चर काढताना फोम तेवढ्यापुरता कापावा लागतो आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला याला तयार होईलच असं नाही.

तिसरं, खूण. पोर्शेसाठी बनवलेल्या टायरवर एन०, एन१ असं लिहिलेलं असतं, बीएमडब्ल्यूच्या टायरवर चांदणी, मर्सिडीजच्या टायरवर एमओ. तीच कंपनी, तेच नाव, पण आतली बांधणी त्या गाडीच्या मापाने. पुढे एक आणि मागे दुसरा असा मेळ घालू नका.

सेकंडहँड गाडी असेल तर टायरचं वय आधी बघा. कडेवरचे शेवटचे चार आकडे, समजा २३१९, म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी जुनं रबर दगडासारखं होतं आणि मग गचकेही वाढतात, आवाजही. रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर असतील तर त्यांची कड मुळातच जाड. साध्या टायरवर आल्यावर फरक लगेच कळतो, फक्त मग पंक्चरची सोय स्वतः करावी लागते.

दारांत डॅम्पिंग शीट मारून घेऊ का?

म्युझिक सिस्टिमसाठी मारायची असेल तर मारा. ती चिकट रबरी शीट पत्र्याची थरथर थांबवते. दार बंद केल्यावर ‘धप्प’ असा भारदस्त आवाज येतो आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. टायरची घरघर चाकांच्या कमानीतून आणि सस्पेन्शनच्या बुशमधून येते, दारातून फार थोडी. शिवाय ट्रिम उघडताना तुटणाऱ्या क्लिपा हे नव्या करकरीचं हमखास कारण. वॉरंटीत असलेल्या गाडीला हे करू नये, असं माझं मत.

थंड इंजिन सुरू करताना गुरगुर, पार्किंगमध्ये टायर कुडकुडणं, बंद केल्यावर पंखा… हे सगळं नॉर्मल आहे का?

हो, आणि यादी बरीच मोठी आहे.

सकाळी सुरू केल्यावर मिनिटभर इंजिन वरच्या आरपीएमवर घुमतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय काम करत नाही, म्हणून गाडी मुद्दाम गरम धूर पाठवते. त्यासोबतची शिलाई मशीनसारखी टिकटिक ही थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या इंजेक्टरांची.

स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेताना पुढची चाकं ‘कुडुक कुडुक’ करत आडवी सरकतात. वळणावर आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगळा कोन लागतो. वेगासाठी बनवलेल्या स्टिअरिंगच्या भूमितीत पूर्ण वळणावर तो नेमका जमत नाही, आणि रुंद टायर घसटत जातो. थंडीत जास्त. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये इपॉक्सी मारलेली चकचकीत फरशी असेल तर कुडुकऐवजी ‘चीं’ असा आवाज येतो आणि वॉचमन बघायला येतो. गाडीला त्रास नाही. थोडं पुढे सरकत वळवा, जागच्या जागी नको.

पीडीके, म्हणजे पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सिग्नलला थांबताना दुसऱ्यावरून पहिल्यावर येतो तेव्हा मागून हलकी ‘टक’. गाडी धुतल्यावर किंवा पावसात उभी राहिल्यावर पहिल्या ब्रेकला ‘खर्र’, कारण डिस्कवर रात्रीत गंज धरतो. दोन-चार ब्रेकांत पुसला जातो. तीन आठवडे उभी असलेली गाडी काढली की पहिले काही किलोमीटर टायर ‘थप थप’ करतात, तापले की गोल होतात. इंजिन बंद केल्यावरही पंखा चालू राहतो, तो गरम इंजिनासाठी. आणि ७१८मध्ये इंजिन तुमच्या पाठीमागेच आहे. तिथला प्रत्येक पट्टा आणि पंप ऐकू येणारच.

मग खरा बिघाड ओळखायचा कसा?

आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो ते बघा.

मोकळ्या रस्त्यावर ८०चा वेग धरा आणि पॅडलने चौथा, पाचवा, सहावा असे गिअर बदला. वेग तोच, आरपीएम वेगळा. आवाज बदलला तर तो इंजिन किंवा एक्झॉस्टचा. तसाच राहिला तर टायर किंवा बेअरिंगचा. आता लांब, हलक्या वळणावर लक्ष द्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घुं-घुं वाढली आणि उजवीकडे वळताना कमी झाली, तर संशय उजव्या बेअरिंगवर. वळणाने काहीच फरक पडत नसेल आणि ‘वँव-वँव’ असा लाटालाटांनी आवाज येत असेल, तर टायरच्या नक्षीवरून तळहात पुढे-मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट बिघडलेली आहे.

८० ते १००च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं आणि त्यापुढे थांबतं? बॅलन्सिंग, किंवा वाकलेली रिम. मशीनवर चाक फिरवून रिम बघायला सांगा. नुसतं वजन चिकटवून दिलं तर थरथर परत येते. स्पीड ब्रेकरवरून उतरताना एकाच कोपऱ्यातून ‘खट्’ येत असेल, तर लिंक रॉड, बुश, शॉकअपचं वरचं माउंटिंग. हे लवकर दाखवा.

सर्व्हिस सेंटरला ‘आवाज येतो’ एवढंच लिहून देऊ नका. ‘४०च्या वेगाला, उजवीकडे वळताना, गाडी गरम झाल्यावर’ असं लिहा आणि मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारून आणा. मोबाईलमधलं रेकॉर्डिंग बारीक खडखडीसाठी बऱ्याचदा निरुपयोगी ठरतं.

आतून कुठूनतरी करकर येते, सापडतच नाही.

आधी गाडी रिकामी करा. चष्म्याची केस, किल्ल्या, दारातली पाण्याची बाटली, पुढच्या डिक्कीतला टूलकिट. मग शेजारच्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावून बघा. मोकळं बकल खांबाच्या प्लास्टिकवर आपटत असतं. ९११च्या मागच्या सीटच्या पाठी नीट खटक्यात बसल्या आहेत का बघा. आणि बाहेरची नंबर प्लेट. एचएसआरपीचा पातळ पत्रा एक्झॉस्टच्या एका ठरावीक सुराला झणझणतो. पत्र्याच्या मागच्या बाजूला फोमची चिकटपट्टी लावली की थांबतं. पुढून काही चिकटवू नका.

बॉक्स्टर किंवा कॅब्रिओलेटमध्ये छताच्या रबरी पट्ट्या कोरड्या पडून कुरकुरतात. त्या पुसून रबरसाठीचं सिलिकॉनचं वंगण लावा. खोबरेल तेल नको, व्हॅसलीन नको.

स्पीड ब्रेकरवर गाडी घासते. तिरपी घेऊ का?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर सांगितला आहे. तो असा असेल तर ९११ सरळही जाते. आपल्याकडे गल्लीत सिमेंटचा कट्टा बांधलेला असतो, तिथे तिरपी घ्या, अगदी हळू, ब्रेक सोडून. ब्रेक दाबलेला असला की नाक आणखी खाली जातं.

नवी घेत असाल तर फ्रंट लिफ्टचा पर्याय सोडू नका. नाक साधारण ४० मिलिमीटर उचललं जातं, आणि २०२१च्या मॉडेलपासून ९११मध्ये ती जागा जीपीएसवर लक्षात ठेवून पुढच्या वेळी आपोआप उचलण्याची सोय आली. बंपरखालची काळी रबरी ओठी घासली तर जिवाला लावून घेऊ नका. ती घासण्यासाठीच असते आणि बदलता येते.

आईला बसवायचंय. तिच्या गुडघ्यांचं काय?

सीट पूर्ण मागे आणि वर. आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. उतरताना उलट. कमरेचा आधार फुगवलेला असेल तर कमी करा. आणि लोणावळ्याच्या पुढे न्यायचं असेल तर दुसरी गाडी काढा, त्यात कमीपणा नाही.

स्प्रिंग किंवा शॉकअप बदलून घेतले तर?

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक किट गाडी खाली बसवण्यासाठी आहेत, मऊ करण्यासाठी नाहीत. आधी चाकं, टायर, हवा. तरी समाधान नसेल तर कदाचित गाडीची निवड पुन्हा तपासायला हवी.

एक्झॉस्ट २,००० आरपीएमला डोक्यात घुमतो. काय करू?

एक्झॉस्टचं बटण बंद करा, म्हणजे आतल्या झडपा मिटतात. मग एक गिअर खाली घेऊन आरपीएम थोडा वर न्या. घुम एका ठरावीक पट्ट्यातच असते. ७१८च्या चार सिलिंडरच्या टर्बो इंजिनात ती जास्त जाणवते, हे खरं आहे.

काही गाड्यांत आवाजाचा काही भाग स्पीकरमधून किंवा इंजिनाकडून केबिनमध्ये आणलेल्या नळीतून मुद्दाम सोडलेला असतो. मेन्यूत तो कमी करता येतो का बघा. बाहेरून बसवलेला मोठा एक्झॉस्ट असेल तर घुमीची तक्रार कंपनीकडे नेता येणार नाही. कायदाही आड येतो: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली आवाजाच्या मर्यादा मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स अपात्र.

पहाटे पाचला ताम्हिणीला निघतो. सोसायटीत तक्रार गेली आहे.

जाणारच. ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि बेसमेंटच्या भिंती आवाज आणखी मोठा करतात. फोर्डने २०१८च्या मस्टँग जीटीला याचसाठी ‘क्वाएट स्टार्ट’ दिला: ठरवलेल्या वेळेत सुरू करताना आवाज ८२ऐवजी ७२ डेसिबलच्या आसपास. तुमच्या गाडीत असं नसेल तर आदल्या रात्रीच गाडी गेटच्या दिशेने तोंड करून लावा, सगळं सामान आधी भरा, सुरू केल्यावर लगेच हळू निघा. उभ्याने गरम करत बसू नका. तेल तापेपर्यंत कमी आरपीएमवर चालवणं इंजिनालाही जास्त मानवतं. एक्झॉस्टचं बटण मुख्य रस्ता लागल्यावर.